चष्मेवाल्याच्या घरातलं वटवाघूळ

सातोएला हाक मारून उपयोग नसायचा. तिला बोलवायचं तर समोर जाऊन उभं राहायचं, नाहीतर लाकडी जमिनीवर टाच आपटायची, म्हणजे तिच्या पायांना कळायचं. ती जन्मली त्याच्या आदल्या हिवाळ्यात आमच्या बेटावर एक ताप आला होता. अंगावर बारीक लाल पुरळ उठायचं आणि दोन-तीन दिवसांत निघून जायचं. पोटुशा बायांनी ते मनावरही घेतलं नाही. मग त्यांना जी मुलं झाली, त्यांतल्या कितीतरी जणांना ऐकूच येईना. आमच्या गावात अशी दोन निघाली. एक सातोए, आणि दुसरा माझा धाकटा भाऊ इसामु. इसामुसाठी मी हातांची भाषा शिकले, म्हणून सातोएची आणि माझी गट्टी जमली. ती मला इसामुसारखीच ‘नेने’ म्हणायची, म्हणजे ताई. म्हणायची ते अर्थातच हातांनी.

तिचा बाप चोएई. आम्ही त्याला ओजी म्हणायचो, म्हणजे काका. गावामागच्या उतारावर त्याची तान्कानची बाग होती. तान्कान म्हणजे आमच्याकडचं संत्रं, सालीला घट्ट आणि रसाला गोड. पण बागेचं काम करायची त्याची बायको हात्सु. चोएईचं सगळं लक्ष चष्मेवाल्यांत. चष्मेवाला हा मुठीत मावेल एवढा हिरवा पक्षी, डोळ्यांभोवती पांढरं कडं, आणि गळा असा की ऐकणारा उभा राहावा. वसंतात आमच्याकडे त्यांच्या गाण्याच्या शर्यती लागतात. पिंजरे ओळीनं खांबांवर टांगायचे आणि ठरल्या वेळात कोणाचा पक्षी किती वेळा खुल्या गळ्यानं गातो ते मोजायचं. चोएईचा पक्षी तीन गावांत पहिला यायचा. रोज सकाळी तो खलबत्ता घेऊन बसायचा. मुळ्याचा पाला, भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, नदीच्या सुकवलेल्या माशांची भुकटी, असं सगळं गंधासारखं बारीक वाटायचा. ते वाटताना कोणी बोललेलं त्याला खपायचं नाही.

हात्सु दुकानात येऊन म्हणायची, “माझ्या बाळंतपणात या माणसानं मला पेजेचा वाडगा दिला नाही, गं. पाखराची चटणी मात्र स्वतःच्या हातानं वाटतो.”

गावाचं सामायिक दुकान तेव्हा माझी आई चालवायची, पुढे मी चालवायला लागले. त्यामुळे गावातलं जे काही आहे ते माझ्या कानावरून गेलंय.

सातोए आणि इसामु दक्षिणेकडच्या मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत राहायला होते, सुट्टीला घरी यायचे. त्या काळी शाळेत हातवारे करायला बंदी होती. हात हलले की पट्टी बसायची. मुलांनी तोंडानंच बोलायला शिकावं असा मास्तरांचा हट्ट. बाईंच्या गळ्यावर हात ठेवायचा, मग स्वतःच्या गळ्यावर, आणि तशीच थरथर उठेपर्यंत घसा ताणायचा. ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची, ती हलली की ‘प’ जमला. इसामु कंटाळला, त्यानं नाद सोडला. सातोए मात्र जिद्दीची. नऊ-दहा वर्षांची असताना वसंताच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा तिला ‘बाबा’ म्हणता येत होतं. हात्सु ते ऐकून दारातच बसली आणि बाही डोळ्यांना लावून रडली. चोएई म्हणाला, “बरं आहे,” आणि पिंजरा साफ करायला गेला.

त्याच सुट्टीत शेजारगावच्या मैदानावर शर्यत होती. हात्सु पोरीला घेऊन गेली, मीही होते. मैदानात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. नुसती पाखरं गात होती आणि पंच बोटांवर मोजत होते. चोएईचा पक्षी सगळ्यांच्या पुढे होता. सातोएला आवाज कळत नव्हता, पण तिला पक्ष्याचा गळा दिसत होता, फुगणारा आणि थरथरणारा. गळ्याची तीच थरथर ती दोन वर्षं शाळेत शिकत होती. तिला एवढा आनंद झाला की ती बापाकडे धावली आणि सगळ्या ताकदीनिशी ओरडली, “बा-बा!”

तो आवाज मी कसा सांगू? स्वतःचा आवाज कधी न ऐकलेल्या मुलीचा तो आवाज. खरखरीत, चिरका, मध्येच फाटलेला. सगळी पाखरं एकदम गप्प झाली. काही पिंजऱ्यात खाली उतरून कोपऱ्याला चिकटली. चोएईचा पक्षी दांडीवरून उडाला आणि काड्यांवर आपटला. तो पुन्हा गायलाच नाही.

मग एक म्हातारा म्हणाला, “चोएई, तुझ्या घरात पोरगी आहे की वटवाघूळ रे? फुकुगीच्या झाडात भांडतात तेव्हा अस्संच ओरडतात!”

सगळे हसले. हसणाऱ्यांचं मला काही वाटलं नाही, लोक हसतातच. पण चोएईही हसला. म्हणाला, “काय करणार, आमच्याकडे दोन्ही पाळलीयत. एक गातं आणि एक किंचाळतं.”

सातोएनं हे बापाच्या ओठांवरून वाचलं. शाळेत ती दोन गोष्टी शिकली होती, बोलणं आणि ओठ वाचणं. पहिली तिनं त्या दिवशी टाकून दिली. शाळेतल्या बाईंनी पुढे पुष्कळ समजावलं, धाकदपटशा केला, पण तिनं घशातून पुन्हा आवाज काढला नाही. दुसरी मात्र ती आणखी पक्की करत गेली, आणि हे बापाला कधी कळलंच नाही. त्याला वाटे, हात्सुनं हातांनी सांगितलं तरच पोरीला समजतं.

आता हात्सुचं कसं होतं ते सांगते. ती दोघांच्या मधली दुभाषी. पण तिच्या हातून जे जायचं ते गाळून जायचं. नवरा म्हणायचा, “सांग तिला, दगडासारखी उभी राहू नको,” की हात्सुचे हात म्हणायचे, ‘बाबा म्हणतायत, दमली असशील, बस.’ पोरगी हातांनी फणकारायची, ‘त्यांना म्हणावं पाखराशीच लग्न करायचं होतं,’ की हात्सु नवऱ्याला म्हणायची, “पक्षी छान झालाय म्हणतेय.” अशी तिनं वर्षानुवर्षं दोघांच्या बोलण्यात साखर कालवली. बापाला ती गोड लागली. मुलीला मात्र दोन्हीकडचं खरं दिसत होतं, आणि आईसाठी ती गप्प बसत होती.

शाळा संपवून सातोए घरी आली ती बागेतच कामाला लागली. तान्कान पिकतो थंडीत. दिवसा चष्मेवाले येतात, फळाला टोचून बारीक भोक पाडतात, जीभ घालून रस चाटतात आणि पुढच्या फळावर जातात. ते फळ वरून धड दिसतं आणि आतून सडतं. संध्याकाळी वटवाघळं येतात. आमच्याकडचं वटवाघूळ चांगलं कोंबडीएवढं, मानेभोवती पिवळसर लोकर, कुत्र्यासारखं तोंड. ते अख्खं फळ धरतं, चावून रस गिळतं आणि चोथा थुंकून टाकतं. सकाळी झाडाखाली चोथ्याचे गोळे पडलेले असतात. चोर तेच ठरतं, कारण त्याची खूण दिसते.

चोएईनं जाळी लावली ती वटवाघळांसाठी. ढिली, मोठ्या भोकांची. चष्मेवाले त्यातून सुखेनैव आत-बाहेर करायचे. एका सकाळी जाळीत वटवाघूळ अडकलेलं सापडलं. पंखाची कातडी दोऱ्यात पीळ घेऊन बसलेली, आणि ते उलटं लोंबकळत बघत होतं. मी त्या दिवशी तोडणीला मदतीला गेले होते. चोएई बांबू घेऊन पुढे झाला, तशी सातोए मध्ये उभी राहिली.

“हात्सु, बाजूला घे तिला,” चोएई म्हणाला. “माझं अर्धं पीक या रांडेच्यानं खाल्लं.”

सातोएनं एक तान्कान तोडला, त्याचं बारीक भोक दाखवलं, मग दुसरा, मग तिसरा. हात भराभर चालले. हात्सु सांगेना, म्हणून मीच सांगितलं, “ओजी, ती म्हणतेय, ही भोकं वटवाघळाची नाहीत, चष्मेवाल्याची आहेत. सडलेली टोपली बघा आणि चोथा बघा. नुकसान अर्धं-अर्धं आहे.”

चोएईचं तोंड उतरलं, पण तो कसला ऐकतोय! “चष्मेवाला दोन थेंब पितो आणि त्याचं गाऊन फेडतो. हे काय देतं? तोंड बघ त्याचं! दिवसा झोपतं, उलटं लोंबतं, मुतलं तर स्वतःच्या अंगावर. देवानं गळा दिला नाही, रूप दिलं नाही. आंधळं मेलं.”

‘आंधळं नाही,’ सातोएनं हातांनी सांगितलं. ‘माझ्याकडे बघतंय. तुमच्या पाखरानं माझ्याकडे कधी बघितलं नाही. तुम्हीही नाही.’

चोएईनं विचारलं, “काय म्हणतेय?”

मी तोंड उघडायच्या आत हात्सु म्हणाली, “म्हणतेय, त्याला लागलंय, सोडून देऊ या.”

सातोएनं खिशातून कात्री काढून दोरे कापले. वटवाघूळ तिच्या मनगटाला कडकडून चावलं आणि खाली पडलं, मग खुरडत खुरडत फणसाएवढ्या दगडावर चढून कसंबसं उडालं. तिचं मनगट रक्तानं भरलं. चोएई नव्या जाळीची वाट लागली म्हणून संध्याकाळपर्यंत बडबडत होता. त्या दिवसापासून गावात कायमचं झालं, की चोएईची मुलगी वटवाघळांची सोयरी आहे.

इसामु तेव्हा नागो शहरात एका लोहारकामाच्या कारखान्यात लागला होता. रविवारी गावी यायचा, आणि दुकानाच्या मागच्या पायरीवर तो आणि सातोए समोरासमोर बसायची. मी आतून बघायचे. हात असे चालायचे की जणू चार माणसं एकदम गप्पा मारतायत. सातोए हसायची तेव्हा तोंडावर हात ठेवायची, आवाज निघू नये म्हणून. दोन वर्षं असं चाललं. मग इसामुनं मला सांगितलं, नेने, आता विचार.

मी आणि माझे वडील आवामोरी दारूची चांगली बाटली घेऊन चोएईकडे गेलो. हात्सुनं चहा ठेवला, डुकराच्या मांसाचा शिजवलेला तुकडा ठेवला. तिच्या चेहऱ्यावरून आनंद ओसंडत होता. सातोए आतल्या खोलीत दरवाजाच्या फटीशी बसली होती.

वडिलांनी विषय काढला. चोएईनं पेला खाली ठेवला.

“तुमचा मुलगा कामाला चांगला आहे,” तो म्हणाला. “माझं त्याच्याशी वैर नाही. पण विचार करा. मी पाखरं पाळतो. न गाणाऱ्या नराची पैदास कोणी वाढवतं का? दोघंही तसलीच. यांना होणारी पोरं काय होतील?”

माझे वडील म्हणाले, “अहो, तो ताप होता. डॉक्टर सांगतात, रक्तात काही उतरत नाही.”

“डॉक्टरला काय जातंय सांगायला? एका घरात एक वटवाघूळ मी पोसलं. वटवाघळांनी भरलेली गुहा बघायची माझी तयारी नाही.”

वडील उठले. बाटली तिथेच राहिली. हात्सु आत गेली, आणि मी दारातून बघितलं, तिचे हात सांगत होते, ‘बाबा म्हणतायत, इतक्यात घाई नको.’

सातोएनं आईचे दोन्ही हात धरले आणि खाली मांडीवर दाबून ठेवले. तिनं सगळं वाचलं होतं. आईला खोटं बोलावं लागू नये म्हणून तिनं ते हात धरले असणार.

इसामु म्हणाला, पळून जाऊ. ओसाकाला आपल्यासारखी पुष्कळ आहेत. ती म्हणाली, आईला इथे कोणाच्या भरवशावर सोडू? तो वर्षभर थांबला आणि मग एकटाच गेला. तिकडे त्यानं पत्र्याच्या कामात नाव काढलं, तिकडचीच एक बहिरी मुलगी केली. ती बातमी सातोएला मीच सांगितली. तिनं मान डोलावली आणि दुकानातून खत घेऊन गेली.

हात्सु गेली ती साठीच्या आतच, पोटाच्या दुखण्यानं. त्यानंतर त्या घरात बोलणं म्हणून उरलं नाही. बापाला हातांची भाषा येत नव्हती. इतक्या वर्षांत एक खूणही तो शिकला नव्हता. मुलीनं तोंड उघडायचं सोडलेलं. तो जाहिरातीच्या कागदांच्या मागे लिहून ठेवायचा. ‘मीठ कमी.’ ‘उद्या पाहुणे.’ ती मीठ घालायची, पाहुण्यांचं करायची. चटणी वाटायला त्याची बोटं आता वळत नव्हती, म्हणून तेही काम तिच्याकडे आलं. ती वाटायची, अगदी गंधासारखं.

तेव्हा चोएईकडे हायाते नावाचा पक्षी होता, त्याच्या हयातीतला सगळ्यात चांगला. आणि नेमकं तेव्हाच चोएईचे कान जायला लागले. आधी तो म्हणायचा, “आजकालची पाखरं तोंडातल्या तोंडात पुटपुटतात.” मग शर्यतीत पंचांशी भांडला, की तुम्ही न गायलेलं मोजताय. लोकांच्या लक्षात आलं. दुकानात कोणीतरी म्हणालं, “ओजी, कानात घालायचं यंत्र मिळतं आता.” तो उसळला, “ते बहिऱ्यांना! माझे कान शाबूत आहेत, तुमच्याच जिभा सैल झाल्यात.” पाठ वळल्यावर लोक एकमेकांकडे बघून हसले.

पाखरू गातंय की नाही, हे गावात कोणाला विचारायची सोय नव्हती. विचारलं तर कळलं असतं. उरली सातोए. तिच्यापुढे लाज कसली? एका सकाळी ती पिंजऱ्यात चटणीची वाटी ठेवत असताना त्यानं तिला बघितलं. तिनं बांबूच्या काड्यांवर दोन बोटं टेकवली होती आणि पाखराच्या गळ्याकडे बघत होती. गाणं सुरू झालं की काड्या किंचित थरथरतात. त्याच्या लक्षात आलं, हिला कळतं. त्यानं टाच आपटली. ती वळली. त्यानं पिंजऱ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या गळ्यावर बोटं हलवली आणि भुवया वर केल्या. गातोय का?

हे मला तिनंच सांगितलं. म्हणाली, ‘नेने, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला हातानं काही विचारलं. ते पाखराचं.’

तिनं मान हलवली, हो. मग रोज सकाळी तेच. तो गळ्यावर बोटं हलवायचा, ती हो म्हणायची, आणि तो समाधानानं चहा प्यायचा. त्या वसंतात हायाते दुसरा आला.

त्या उन्हाळ्यात पितरांच्या सणाला इसामु ओसाकाहून आला, बायको आणि दोन मुलांना घेऊन. मुलगी सात-आठ वर्षांची, मुलगा पाचेक वर्षांचा. दोघांनाही खणखणीत ऐकू येत होतं. दुकानात शिरली ती ओरडतच, “आत्या, बर्फाचा गोळा! आत्या, मला लाल!” आईबापांशी हातांनी बोलायची, माझ्याशी तोंडानं, आणि मधल्या वेळात आपसांत भांडायची. सातोए तेल घ्यायला आली होती. ती दाराशी थांबली. मुलीनं तिच्याकडे बघितलं आणि अगदी सहज हातांनी विचारलं, ‘तुम्ही बाबांच्या शाळेतल्या का?’

सातोएनं हो म्हटलं. मग तिनं बघितलं, की मुलगा पाठमोरा असताना मी त्याला हाक मारली आणि तो वळला. तिनं ते दोनदा बघितलं. इसामु उठून उभा राहिला, काहीतरी म्हणणार होता. तिनं त्याला वाकून नमस्कार केला, त्याच्या बायकोला केला, आणि तेलाची बाटली काउंटरवर तशीच ठेवून निघून गेली.

संध्याकाळी मी बाटली पोचवायला गेले. चोएई ओसरीवर बसला होता. सातोए आत भांडी घासत होती, एकच पातेलं, पुन्हा पुन्हा. मी हातांनी विचारलं, जेवलीस का? तिनं साबणाच्या हातांनीच उत्तर दिलं, ‘मुलांना ऐकू येतं.’ मी म्हटलं, हो.

पाऊसकाळ गेला, तोडणी झाली, पुन्हा वसंत आला. चष्मेवाल्यांचे गळे सुटायचे ते दिवस. चोएईनं पिंजरा ओसरीवर टांगला, गळ्यावर बोटं हलवली. हायाते गात होता. मी त्यांच्या कुंपणाबाहेरून जात होते, मलाही ऐकू येत होता.

सातोएनं काड्यांवर बोटं टेकवली, थोडा वेळ बघितलं, आणि मान आडवी हलवली. नाही.

मी जागीच थांबले. मला वाटलं, तिचं काही चुकलं. ती माझ्याकडे वळली, आमची नजरानजर झाली, आणि मला समजलं की चुकलेलं नाही.

चोएईनं सगळे उपाय केले. कोळी पकडून आणून खायला घातले. पिंजऱ्याला कापड घातलं, काढलं. उन्हात आंघोळ घातली. रोज सकाळी बोटं गळ्यावर, रोज सकाळी नाही. हायाते बिचारा घसा फोडून गात होता. पिंजऱ्यातला चष्मेवाला गातो तो एकटा असतो म्हणून. रानातले हिवाळ्यात एका फांदीवर अंगाला अंग घासून ओळीनं झोपतात, त्यांना एवढं गायची गरज पडत नाही. हा इतका गात होता की गल्लीतली माणसं थांबायची, आणि त्याचा मालक त्याच्यासमोर बसून उदास होत चालला होता. लोकांना वाटलं, म्हातारा बहिरेपणानं खचलाय. मी कोणाला काही बोलले नाही.

शर्यतीच्या आधी शेजारगावचा गिमा त्याच्याकडे आला. गिमा त्याचा जुना प्रतिस्पर्धी. चोएईनं पिंजरा त्याच्या हातात दिला. “घेऊन जा,” म्हणाला. “गळा मिटलाय याचा. जातीचा आहे, सोबतीला ठेव. मला रोज बघवत नाही.”

गिमा परत जाताना दुकानात थांबला. गाडीतला पक्षी गातच होता. “फुमि,” तो मला म्हणाला, “म्हाताऱ्याचं डोकं फिरलं का गं? असा पक्षी कोणी देतं?” मी म्हटलं, “दिलाय तर घ्या.”

हायाते पहिला आला. गिमा भला माणूस. तो मिठाईचा खोका आणि फीत लावलेल्या हायातेचा फोटो घेऊन आभार मानायला आला. दुकानावरून जाताना मलाही सोबत घेतलं. ओसरीवर बसून तो चोएईच्या कानाशी ओरडला. चोएईला काही कळेना. शेवटी गिमानं कागद घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘तुमचा हायाते पहिला आला. पहिल्या दिवसापासून गातोय.’

चोएईनं ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. सातोए चहा घेऊन आली होती. त्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं.

“तुला माहीत होतं?” त्यानं तोंडानं विचारलं. हात्सु नव्हती, हातांची भाषा नव्हती. विचारलं ते नुसतं सवयीनं.

सातोएनं त्याच्या ओठांकडे बघितलं आणि मान हलवली. हो.

तेव्हा कुठे त्या माणसाच्या लक्षात आलं असावं, की मुलीला ओठ वाचता येतात, आणि ती आजवर काय काय वाचत आली. त्याचा रंग उडाला. तो गिमाला म्हणाला, “अभिनंदन. चहा घ्या.” गिमाला यातलं काहीच कळलं नाही. तो चहा पिऊन, वाकून वाकून आभार मानून गेला.

भांडण झालं नाही. भांडायला भाषा कुठे होती? त्यानं तिच्या हातचं जेवण सोडलं. दुकानातून शेवयांची पाकिटं न्यायचा आणि स्वतः उकडून खायचा. ती रोज त्याचं ताट वाढायची आणि रोज ते स्वतः संपवायची. पुढे पंचायतीतली बाई म्हाताऱ्यांची चौकशी करायला आली, तेव्हा त्यानं तिला सांगितलं, “मला वृद्धाश्रमात टाका. घरात बोलायला माणूस नाही.” सातोए समोरच उभी होती. बाईनं तिच्याकडे बघितलं. तिनं बापाची पिशवी भरून आणून दारात ठेवली.

ती महिन्यातून एकदा तान्कान किंवा केळी घेऊन जायची. टोपली ठेवायची, थोडा वेळ बसायची, यायची. तिथल्या परिचारिका म्हणायच्या, बापलेक किती शांत आहेत.

तो गेला ती बातमी माझ्या दुकानाच्या फोनवर आली. तोडणीचे दिवस होते. मी बागेत गेले. सातोए शिडीवर होती. मी शिडी हलवली. तिनं खाली बघितलं आणि माझे हात बघून हळूहळू उतरली. तिनं विचारलं, ‘कधी?’ मी सांगितलं, सकाळी. तिनं अर्धी भरलेली टोपली बघितली, पुन्हा वर चढून ती भरली, मग हातपाय धुऊन आली. अंत्यविधीला ती रडली नाही. नातेवाईक कुजबुजले, “दगड आहे.” ते कुजबुजणं तिनं बघितलंच असणार.

त्यानंतर एका संध्याकाळी मी तिच्याकडे गेले होते. ती झाडांना नवी जाळी बांधत होती, बारीक भोकांची, चारी बाजूंनी ताणून बसवलेली. चष्मेवाल्याची चोच आत जाणार नाही आणि वटवाघळाचा पंख अडकणार नाही, अशी. फुकुगीच्या रांगेवरून दोन-तीन वटवाघळं घिरट्या घालत होती. तिचं मन रमवावं म्हणून मी म्हटलं, ‘तुझे सोयरे आले बघ. उपाशी जाणार आज.’

तिनं दोरी सोडली आणि माझ्याकडे वळली.

‘नेने, तूही?’ तिचे हात एवढे जोरात चालले की मी मागे सरले. ‘मी त्या एकाला सोडलं, कारण त्याला लागलं होतं. कुत्रा असता तरी सोडला असता. उलट ते मला चावलं. माझे सोयरे कशावरून? बाबा ते शिवी म्हणून म्हणायचे. तुम्ही लोक मायेनं म्हणता. ऐकू येत नाही, गाता येत नाही, म्हणून मी वटवाघूळ. मी माणूस आहे, हे या गावात कोणाला सुचलं नाही का?’

मी माफी मागायला हात उचलले. पण तिनं बघितलं नाही. ती पाठ फिरवून दोरीला गाठ मारायला लागली होती, आणि पाठ फिरवल्यावर तिला काही सांगायची सोयच नसे. जाळीच्या कडेवर एक चष्मेवाला येऊन बसला. तिनं हाताच्या फटकाऱ्यानं त्याला उडवून लावलं आणि पुढच्या झाडाकडे गेली.